व्हेरिकोज व्हेन्स: आईच्या पायासाठी मोजे, लेझर की आणखी काही?

अबोली

नमस्कार. आईच्या पायाबद्दल विचारायचे आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर दिलेले सल्ले घरात आधीच पुष्कळ जमलेत.

आई ६१ वर्षांची. फोंड्याला आमची घरगुती खानावळ आहे. सकाळी नारळ खवण्यापासून दुपारचे शेवटचे ताट उठेपर्यंत ती उभीच असते. डाव्या पायावर मांडीच्या आतल्या बाजूने पोटरीपर्यंत फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा कित्येक वर्षे आहेत. आजीलाही होत्या, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. यंदा चवथीच्या आधी नेवऱ्यांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. त्या दिवसांत संध्याकाळी पाय एवढा सुजायचा की चपलेचा पट्टा लागत नसे. रात्री पोटरीत गोळे येतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या थोडे वर, कातडी तपकिरी-काळी पडली आहे. तिथे खाज सुटते आणि हात लावला तर ती जागा कडक लागते. आई म्हणते वात आहे.

फॅमिली डॉक्टरांनी पायावर दाब देणारे घट्ट मोजे लिहून दिले. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले, तर पाय नीट बघायच्या आतच "आज ॲडव्हान्स भरा, सवलत देतो, लेझरने शीर बंद करतो, अर्ध्या तासात मोकळ्या" असे सांगितले. शेजारच्या मावशी म्हणतात, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, पाय सुकेल. यातले खरे काय मानायचे? आईला मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर आटोक्यात आहे.

केरीकर वाटसरू

अबोलीताई, मी खासगी बसवर कंडक्टर होतो. माझ्या उजव्या पायाचे लेझर झाले आहे आणि पाय उत्तम आहे. पण लेझरच्या आधीची तपासणी कशी झाली ते सांगतो, कारण सगळे ठरले तिथेच.

मला एका स्टुलावर उभे केले, भार डाव्या पायावर. जांघेला गार जेल लावून डॉक्टरांनी डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, दांडा ठेवला आणि दुसऱ्या हाताने पोटरी दाबली. मशिनमधून रक्त वर गेल्याचा आवाज आला. मग पोटरी सोडली. निरोगी पायात इथे आवाज लगेच थांबतो म्हणाले. माझ्या पायात तो थांबेचना, लांबलचक सूंऽऽऽ असा परत खाली येत राहिला. स्क्रीनवर तेच निळ्याचे लाल होताना दिसत होते. त्यांनी जांघेपासून घोट्यापर्यंत असे ठिकठिकाणी केले आणि मार्करने पायावर खुणा केल्या. माझी बायको बाजूला उभी राहून सगळे बघत होती. शिरेतली झडप नेमकी कुठे बिघडली आहे ते तिलाही कळले.

आईला ज्यांनी पाय न बघता ॲडव्हान्स मागितला तिथे परत जाऊ नका.

दूर्वा

माझ्या काकींना जळवा लावल्या होत्या. रंग बराच उजळला, जडपणाही कमी झाला. आता पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे मोठे इस्पितळ आहे. तिथेही विचारून बघा. शिवाय रोज तिळेल तेल कोमट करून पोटरी चोळायची.

मानशीकाठ

मी सर्जन आहे, शिरांचे काम रोज करतो. अबोली, वर्णनावरून निदान करू नये हे मान्य. पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट सोडून देण्यासारखी नाही: घोट्याच्या आतली काळी, कडक कातडी. शिरा दिसायला कितीही मोठ्या असोत, मी आधी तिथे बघतो.

गोव्यातल्या माणसाला हा आजार समजावायला मला मानस पुरते. खाजन शेताच्या बांधात मानशीची लाकडी दारे असतात. ओहोटीला शेतातले पाणी दार ढकलून नदीत जाते. भरतीचे पाणी उलट आले की त्याच पाण्याच्या रेट्याने दार मिटते. दार कुजले तर खारे पाणी आत घुसते आणि शेत नासते. पायाच्या शिरांत अशाच एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त हृदयाकडे वर सरकते, आणि स्नायू सैल पडले की झडपा मिटून ते खाली येऊ देत नाहीत. झडप मिटेनाशी झाली की उभ्या माणसाचे रक्त वरून खाली कोसळते, शीर ताणली जाते, ताणल्यामुळे खालची झडपही मिटत नाही, आणि बिघाड पायरी-पायरीने घोट्याकडे उतरतो.

नुसते उभे असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो ३० पर्यंत उतरतो. झडपा गेलेल्या पायात चालूनही तो पुरता उतरत नाही. दिवसभर हा दाब सोसणाऱ्या बारीक केशवाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. पाण्याने सूज येते. पेशींमधले लोह कातडीत साठून तपकिरी डाग पडतात. पुढे कातडीखालची चरबी घट्ट होते आणि एखाद दिवशी साधे खरचटले तरी तिथे जखम होऊन ती भरत नाही.

आम्ही या आजाराच्या पायऱ्या सी ० ते सी ६ अशा मोजतो. बारीक कोळिष्टकासारख्या रेषा म्हणजे सी १, फुगलेल्या शिरा सी २, सूज सी ३, कातडीतले बदल सी ४, भरलेली जखम सी ५ आणि उघडी जखम सी ६. आईंचा पाय बहुधा सी ४ वर आहे. इथे नुसते "बघू पुढे" म्हणून चालत नाही. घाबरून आजच्या आज पैसे भरण्याचीही गरज नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत नीट डॉपलर करून घ्या, आणि तो उभ्यानेच करायचा. झोपवून केला तर उलटा प्रवाह निसटू शकतो. कातडीजवळच्या शिरेत रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटे वाहत असेल तर ती झडप बिघडली असे धरतात.

मावशींची शंका रास्त आहे, बहुतेक रुग्ण तीच विचारतात. पायातले सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांतून वर जाते. आपण बंद करतो ती कातडीजवळची शीर, आणि ती मुळात रक्त उलटे नेत असते. ती बंद झाली की खोल शिरांवरचा बोजा कमी होतो. बायपासच्या ऑपरेशनला हीच लांब शीर पायातून काढून हृदयाला लावतात, आणि ते रुग्ण पुढे वर्षानुवर्षे चालतात. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री आधी हवी. तिथे जुनी गुठळी असेल तर कातडीजवळच्या शिरा कदाचित रक्ताला पर्यायी वाट देत असतील. त्या बंद करणे घातक ठरू शकते. डॉपलरशिवाय कोणी लेझरची तारीख देत असेल तर नाही म्हणा.

दूर्वाताई, जळवांनी साचलेले रक्त काढल्यावर काही दिवस हलके वाटू शकते, पण मिटेनाशी झालेली झडप त्यामुळे दुरुस्त होत नाही. आईंना मधुमेह आहे आणि कातडी आधीच कमजोर, तेव्हा त्या जागी चावा किंवा जखम मी होऊ देणार नाही. तेल कातडी मऊ ठेवायला हलक्या हाताने जरूर लावावे. शिरेवर जोर देऊन चोळू नये.

पिंपळकट्टा

माझ्या बाबांचे लिहितो. बाबा डिचोली तालुक्यात शेती करायचे, पावसाळाभर पाय चिखलात. घोट्यावर आठ आण्याएवढी जखम होती, ती वाढत वाढत तळहाताएवढी झाली. हळद, कडुलिंब, मेडिकलमधली पावडर, सगळे झाले. पाणी गळायचे, वास यायचा, म्हणून ते लग्नाकार्यालाही जायचे बंद झाले. ते कोणालाच काही बोलत नसत.

शेवटी एका सर्जननी सांगितले की जखम खाली असली तरी दुखणे वर, मांडीच्या शिरेत आहे. नुसते ड्रेसिंग बदलून ती भरणार नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चार थरांची घट्ट पट्टी बांधायला सुरुवात केली आणि लगेच शीर बंद केली. काही महिन्यांत जखम कोरडी होऊन वर नवी गुलाबी कातडी आली. काळा डाग राहिला. अबोली, आईच्या पायाची कातडी फुटू देऊ नका, एवढेच कळकळीने सांगतो.

मानशीकाठ

पिंपळकट्टा, तुमच्या वडिलांना मिळालेला सल्ला अगदी बरोबर. ब्रिटनमध्ये अशा जखमांच्या ४५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पट्ट्या होत्याच. ज्यांची शीर लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, आणि ज्यांना आधी थांबायला सांगितले त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. आपल्याकडे पायाची जखम म्हटली की सगळे साखरेला दोष देतात. घोट्याच्या आतल्या बाजूची, उथळ, गळणारी आणि भोवती काळी कातडी असलेली जखम दिसली तर शिरा तपासायलाच हव्यात, मग साखर असो वा नसो.

अबोली

डॉक्टर, देव बरे करो. एवढे कोणी समजावून सांगितले नव्हते. मग मोजे घालायचे की नाही? आईने आणलेले मोजे कपाटात पडलेत. म्हणते, गुदमरायला होते आणि वर चढतच नाहीत.

परिचारिका_म्हापसा

अबोली, याचे मी सांगते, कारण वॉर्डात दिवसातून कितीदा तरी हे शिकवते.

पहिले म्हणजे माप. घोट्याचा सर्वांत बारीक घेर आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर सकाळी, सूज नसताना मोजायचा. संध्याकाळच्या सुजलेल्या पायाच्या मापाचे मोजे दुसऱ्या दिवशी सैल होतात. पाकिटावर दाब लिहिलेला असतो. शिरांच्या त्रासाला बहुधा २३ ते ३२ मिलिमीटरचा, म्हणजे दुसऱ्या वर्गाचा, देतात. दाब घोट्याला जास्त आणि वर कमी कमी होत जायला हवा. खेळाडूंचे किंवा विमानात घालायचे साधे मोजे वेगळे. बहुतेकांना गुडघ्यापर्यंतचे पुरतात. मांडीपर्यंतचे घसरतात, गोळा होतात आणि गुडघ्यामागे काचतात.

घालायची पद्धत अशी. सकाळी बिछान्यातून पाय खाली टाकायच्या आधी. मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्यायचा, पाऊल आत घालायचे, टाच बरोबर टाचेच्या जागी बसवायची, आणि मग थोडा थोडा वर सरकवत न्यायचा. वरची कड धरून ओढायचा नाही. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड छान येते. वरची कड दुमडून ठेवायची नाही, तिथे दोरी आवळल्यासारखे होते. रात्री काढायचा. धुवून सावलीत वाळवायचा. सहा महिन्यांनी ताण जातो, नवा घ्यावा लागतो.

उकाड्याचे खरे आहे. एप्रिल-मेमध्ये गोव्याच्या दमट हवेत अख्खा दिवस घालणे म्हणजे शिक्षा वाटते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मी सांगते, पुढचा पंजा उघडा असलेला मोजा घ्या, आणि पूर्ण दिवस जमत नसेल तर निदान उभ्याच्या कामाचे तास तरी घाला. मोजा काढल्यावर रात्री कातडीला साधे मॉइश्चरायझर लावा, सकाळी नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात.

आणि आईंना मधुमेह आहे, म्हणून मोजे घालायच्या आधी पायातल्या धमन्या तपासून घ्या. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून बघतात. पायाला रक्त पोचतच कमी असेल आणि वरून मोजा आवळला तर बोटे काळी पडू शकतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, जास्त चांगला येतो, म्हणून डॉपलरवाल्याला धमन्याही बघायला सांगा.

मानशीकाठ

सिस्टरांच्या लिखाणात बदलण्यासारखे काही नाही. फक्त एक जोड: मोजा अंगात असेपर्यंतच काम करतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत तर शीर बंद करण्याजोगी असताना नुसते मोजे देऊन बोळवण करू नका असेच म्हटले आहे. गरोदरपण, फार अशक्त रुग्ण, ज्यांना प्रक्रिया नको आहे असे लोक, यांच्यासाठी मोजे हाच उपचार. डायोस्मिनच्या गोळ्यांचेही तसेच. जडपणा, ठसठस कमी होते, शीर आहे तशी राहते.

साळावली

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे तर विचारते. सातवा महिना, दोन्ही पोटऱ्यांवर शिरा फुगल्यात. काही करावे लागेल का?

मानशीकाठ

आत्ता काही बंद करायचे नाही. या काळात शरीरात रक्त वाढते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैल पडतात आणि वाढलेले गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देते. बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच शिरा ओसरतात, उरल्या तर तेव्हा बघू. तोवर मोजे, डाव्या कुशीवर झोपणे, बसताना पाय वर. मात्र एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखून गरम झाली तर त्याच दिवशी इस्पितळात जा. दम लागला किंवा छातीत दुखले तर थांबूच नका, १०८ ला फोन करा.

तिस्कावरची

एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी म्हणून लिहिते. माझ्या आत्याच्या घोट्यापाशी शिरेवरची कातडी अगदी पातळ झाली होती. न्हाणीत पाय घासताना ती फुटली. दुखले नाही, म्हणून आधी कळलेही नाही, आणि बघते तर लादीवर सगळे लाल. ती घाबरून उभीच राहिली आणि रक्त थांबेना. शेजारच्या मुलाने, तो नर्सिंगला होता, तिला लादीवरच आडवे केले, पाय बादलीवर उंच ठेवला आणि स्वच्छ पंचा घडी करून दाबून धरला. मिनिटा-दोन मिनिटांत धार थांबली.

परिचारिका_म्हापसा

त्या मुलाने नेमके तेच केले जे करायला हवे. आडवे व्हा, पाय हृदयापेक्षा उंच करा, फुटलेल्या जागी दहा मिनिटे सलग दाबा, मध्येच उचलून बघू नका. वर मांडीला दोरी किंवा ओढणी आवळून बांधू नका. त्याने शिरेतले रक्त आणखी तुंबते. रक्त थांबले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तीच जागा पुन्हा फुटते. या साध्या रक्तस्रावाने, केवळ उभे किंवा खुर्चीत बसून राहिल्यामुळे, माणसे दगावली आहेत.

अबोली

डॉपलर झाला. उभ्यानेच केला, मी बाजूला होते. जांघेपासून गुडघ्याखालपर्यंत लांब शिरेच्या झडपा गेल्या आहेत. खोल शिरा मोकळ्या, धमन्या चांगल्या. सर्जननी रेडिओफ्रीक्वेन्सी सुचवली आणि पोटरीवरच्या गाठींना फोम. लेझर आणि यात फरक काय? आणि खर्चाचे कसे करावे?

मानशीकाठ

दोन्हींत मूळ कल्पना एकच. गुडघ्यापाशी सुईच्या छिद्रातून बारीक नळी शिरेत सोडून सोनोग्राफीवर बघत जांघेपर्यंत नेतात. शिरेभोवती भूल मिसळलेले गार सलाईन टोचतात, त्याने दुखत नाही आणि आजूबाजूची कातडी व नसा उष्णतेपासून वाचतात. मग नळीच्या टोकाने शीर आतून भाजत मागे येतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत टोक १२० अंश सेल्सिअसला तापते, एकेक तुकडा २० सेकंदांत बंद होतो. लेझरमध्ये तेच प्रकाशकिरणांनी. निकाल जवळपास सारखेच. आधी शंभरेक वर्षे जांघेत चीर देऊन शीर ओढून काढत, अजूनही काहींना तेच करावे लागते. फोम म्हणजे पॉलिडोकॅनॉलसारखे औषध हवेत फेसाळून शिरेत टोचणे, वाकड्यातिकड्या शिरांना ते सोयीचे. शीर चिकटवणारा ग्लूही आहे, महाग पडतो, आणि काहींना त्याची ॲलर्जी येते.

त्याच दिवशी चालत घरी जाता येते. थोडे दिवस मांडीत आतून दोरी ओढल्यासारखे वाटेल, निळसर डाग पडतील. काहींना कातडीचा एखादा भाग बधिर वाटतो, बहुधा तो हळूहळू बरा होतो. खोल शिरेत गुठळी होणे विरळा, पण होते. म्हणून पहिल्या दिवसापासून चालणे आणि आठवडाभरात पुन्हा एक डॉपलर, हे चुकवायचे नाही.

केरीकर वाटसरू

खर्चाबद्दल: गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर इस्पितळाच्या त्या काउंटरवर सर्जनची चिठ्ठी आणि डॉपलरचा रिपोर्ट दाखवून तुमची प्रक्रिया पॅकेजात बसते का ते आधी विचारा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख अशी मर्यादा आहे. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सर्जरी ओपीडीतही दाखवता येते, रांग असते, सकाळी लवकर जा. खासगी विमा असेल तर रिपोर्टमध्ये सूज आणि कातडीचे बदल स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर सौंदर्यासाठीचा उपचार म्हणून दावा फेटाळतात.

बालभारती_ताई

मी शिक्षिका आहे, माझीही प्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. पुन्हा वर्गात तासन्‌तास उभे राहिले तर परत होईल का? आणि मुलगा दुबईला आहे, त्याच्याकडे कधी जाता येईल?

मानशीकाठ

बंद केलेली शीर सहसा परत उघडत नाही, पण तुमच्या घरात हा कल असेल तर काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते. त्याला उभे राहणे एकटे जबाबदार नसते. वर्गात एका जागी खिळून राहू नका. फळ्याकडून बाकांकडे फिरा, फळ्यापाशी असताना टाचा वर-खाली करा, पोटरी आवळली की रक्त वर जाते. मधल्या सुट्टीत पाच मिनिटे पाय दुसऱ्या खुर्चीवर. अबोली, आईंनाही हेच, आणि खानावळीत नारळ खवणे, भाजी चिरणे ही कामे बसून होतील अशी एक उंच खुर्ची ओट्यापाशी ठेवा. विपरीत करणी हे पाय वर करायचे आसन करणाऱ्यांनी करावे, सूज उतरते. वजन जास्त असेल तर कमी करा, त्याचा फायदा मोजता येण्याइतका असतो.

विमानप्रवास माझ्या रुग्णांना मी चार आठवडे टाळायला सांगतो. तिकीट आधीच काढले असेल तर तारीख तुमच्या सर्जनना आजच सांगा, ते प्रक्रियेचा दिवस पुढे-मागे करतील किंवा प्रवासापुरते रक्त पातळ करणारे इंजेक्शन देतील.